दम लागलेल्या माणसाचा छातीचा फोटो

दम लागलेला माणूस दवाखान्यात आणला की सोबतची माणसं दोन प्रश्न हमखास विचारतात. "सलाईन लावणार ना?" आणि "फोटो काढायचा का?" फोटो म्हणजे छातीचा एक्सरे. कोरोनानंतर तिसरा प्रश्न आलाय, "थेट सीटीच काढू का?" कॅज्युअल्टीत नर्स म्हणून काम करताना हे प्रश्न मी इतक्यांदा ऐकले की त्यामागची भीती आता ओळखू येते. घरच्यांना खरं तर जाणून घ्यायचं असतं की आमचा माणूस वाचेल का, आणि त्याला इथेच ठेवायचं की पनवेल-मुंबईची गाडी करायची.

ही विचारणा रास्त आहे. महाडहून मुंबई पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास. पोलादपूरच्या वरच्या वाड्यांतून माणूस आधी डोलीतून नाहीतर पाठकुळी रस्त्यापर्यंत आणायचा, मग गाडी. गाडीभाडं, बुडालेली रोजंदारी, सोबतच्यांचं खाणंपिणं हे सगळं डोळ्यांपुढे असतं. अशा वेळी एका फोटोवरून पुढचं कळलं तर कोणाला नको आहे? कळतं काही प्रमाणात. पण दम कशाने लागलाय, त्यावर ते अवलंबून आहे. आपल्याच भागातले तीन दम घेऊन सांगते.

पहिला विंचवाचा. भातकापणीच्या दिवसांत, गवताच्या भाऱ्यात, दगडी गडग्यात, वीटभट्टीवर, लाकडांच्या ढिगात लाल विंचू असतो. बाहेरच्यांना वाटतं विंचू म्हणजे नुसत्या वेदना. आपल्याकडच्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, विंचवाने किती पोरं नेली ते सांगतील. ती जायची दम लागून. या विषाने शरीरातली ॲड्रेनलिनसारखी द्रव्यं एकदम रक्तात ओतली जातात, रक्तवाहिन्या आवळतात, हृदयावर प्रचंड ताण येतो आणि फुप्फुसांत पाणी भरतं. तोंडातून गुलाबी फेस येतो. तो एकदा आला की घड्याळ फार वेगाने फिरतं.

१९७६ साली डॉ. हिंमतराव बावस्कर आपल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. जालना जिल्ह्यातल्या खेड्यातून आलेला, गरिबीत शिकलेला तरुण डॉक्टर. पुढे २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली हे सगळ्यांना माहीत आहे, पण मला त्यांचं बिरवाडीतलं काम जास्त महत्त्वाचं वाटतं. विंचू चावलेला रुग्ण आला की ते त्याच्या खाटेपाशी बसून राहायचे आणि नाडी, रक्तदाब, घाम, हातापायांची उष्णता यांच्या नोंदी ठेवायचे. त्या नोंदींतून एक गोष्ट पुढे आली. कोणाच्या फुप्फुसात पाणी भरणार, याच्या खुणा आधीच दिसतात. १९८२ मध्ये 'लॅन्सेट' या इंग्लंडच्या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा लेख आला, तो याच पूर्वखुणांबद्दल होता. म्हणजे दम लागलेल्या रुग्णाचं पुढे काय होणार याचा अंदाज बांधण्याचं काम आपल्या तालुक्यात पन्नास वर्षांपूर्वी सुरू झालं, आणि तेही खाटेशेजारी, हातात हात घेऊन.

त्या खुणा प्रत्येक घराला माहीत हव्यात. अंगभर दरदरून घाम, उलटी, तोंडात लाळ, हातपाय गार पडणं. पुरुषांत आणि लहान मुलग्यांतही लिंग ताठ राहतं. ही गोष्ट सांगायला आईबापांना लाज वाटते. नर्ससमोर तर जास्तच. कृपा करून लाजू नका, ती निदानाची मोठी खूण आहे. उलट ज्याला चावलेल्या जागी भयंकर दुखतंय, तो आरडाओरडा करतोय, पण हातपाय उबदार आहेत आणि उलटी-घाम नाही, त्याचा धोका बहुधा कमी असतो. ओरडणाऱ्यापेक्षा गप्प पडलेलं, घामेजलेलं, गार पोर आधी आत घ्यायचं, हे विंचूदंशाच्या बाबतीत आम्ही शिकलो.

आता फोटो. फुप्फुसात पाणी भरलेल्या अशा रुग्णाचा एक्सरे काढला तर छातीच्या मध्यापासून दोन्ही बाजूंना वटवाघळाच्या पंखांसारखा पांढुरका पसारा दिसतो. तो दिसला की निदान पक्कं. पण एक्सरे नेहमी शरीराच्या मागे चालतो. पाणी साचायला लागल्यावर काही तास फोटो साधाच दिसू शकतो, आणि रुग्ण सुधारल्यावरही पांढरेपणा मागे रेंगाळतो. हे फक्त विंचवाचं नाही. हृदय कमजोर होऊन दम लागलेल्या हजारो रुग्णांची अमेरिकेत पाहणी झाली, त्यात जवळजवळ पाचात एकाच्या पहिल्या फोटोत पाण्याची खूण नव्हती. म्हणून विंचूदंशात गार हात बघून उपचार सुरू करायचे असतात. फोटोसाठी थांबायचं नसतं.

उपचार म्हणजे प्राझोसिन. रक्तदाबाची साधी, स्वस्त गोळी. डॉ. बावस्करांनी तिचा विंचूदंशातला उपयोग दाखवला आणि १९८६ मध्ये तो 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. त्याआधी गंभीर विंचूदंशाच्या शंभर रुग्णांतले तीस-चाळीस दगावत. हे प्रमाण पुढे एक-दोनावर आलं. मग त्यांनी आणि डॉ. प्रमोदिनी बावस्करांनी महाडमध्येच ७० रुग्णांवर अभ्यास केला. निम्म्यांना नुसतं प्राझोसिन, निम्म्यांना प्राझोसिन आणि विंचवाचं प्रतिविष. दहा तासांत पूर्ण बरे झालेले दुसऱ्या गटात ३५ पैकी ३२ निघाले, पहिल्या गटात ३५ पैकी ८. हा अभ्यास २०११ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलने छापला. गोळी घरी ठेवून स्वतः देऊ नका. ती घेतल्यावर माणूस एकदम उठून बसला तर रक्तदाब कोसळतो, म्हणून रुग्णाला आडवं ठेवून लक्ष ठेवावं लागतं. आणि सलाईन मागू नका. ज्याच्या फुप्फुसात पाणी भरतंय त्याला बाटल्यांवर बाटल्या चढवणं म्हणजे बुडणाऱ्यावर आणखी पाणी ओतणं.

दुसरा दम पुरानंतरचा, आणि इथे मात्र फोटोचं वजन फार मोठं आहे. २००५ चा जुलै आणि २०२१ चा जुलै महाडकर विसरणार नाहीत. सावित्री आणि गांधारीचं पाणी उतरलं की घराघरांत, दुकानांत गुडघाभर चिखल राहतो. तो काढायला उतरतात ते सफाई कामगार, मजूर, बचत गटाच्या बायका, मदतीला आलेली पोरं. पायात बूट नसतात, पायाला कुठेतरी कापलेलं असतं. उंदराच्या मुतातून आलेले लेप्टोचे जंतू तिथून अंगात शिरतात. आठवडा-दोन आठवड्यांत ताप, पोटऱ्या ठणकणं, डोळे लाल. बहुतेक जण बरे होतात. पण काहींना तापाच्या चौथ्या-पाचव्या दिवशी दम लागतो. लोकांना वाटतं न्यूमोनिया झाला. आत फुप्फुसांत रक्तस्राव सुरू असू शकतो, आणि खोकल्यातून रक्त बाहेर पडायच्या आधी तो एक्सरेत दोन्हीकडे विखुरलेल्या पांढऱ्या ठिपक्यांच्या रूपात दिसू शकतो.

कॅरिबियन बेटांवर लेप्टो खूप आहे. तिथल्या फ्रेंच डॉक्टरांनी १९९७ मध्ये, कोणते रुग्ण दगावतात याच्या खुणा प्रसिद्ध केल्या. पाच निघाल्या: दम लागणं, लघवी कमी होणं, पांढऱ्या पेशी खूप वाढणं, हृदयाच्या आलेखात विशिष्ट बदल आणि छातीच्या फोटोत पसरलेले पांढरे डाग. पाचांतल्या पहिल्या दोन खुणा घरात बसून कळतात. पुरानंतरच्या तापात दम लागला आणि लघवी कमी झाली तर तो माणूस त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात हवा. तिथे पहिल्या तासात फोटो मागा, मागायला संकोच करू नका. फोटोत डाग असतील तर त्याला अतिदक्षता विभाग आणि कदाचित व्हेंटिलेटर लागणार, ही तयारी आधीच ठेवता येते. जिथे ती सोय नाही तिथे एक दिवस 'बघू' म्हणून काढण्यात अर्थ नाही. चिखलात उतरायच्या आधी प्रतिबंधक गोळी आणि गमबूट मिळाले पाहिजेत, हा वेगळा विषय आहे, त्यावर नगरपालिकेशी भांडणं आम्ही करतोच.

तिसरा दम कारखान्याचा. यावर मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे, कारण इथे फोटो माणसाला फसवतो.

महाडच्या औद्योगिक वसाहतीत रसायनं आणि औषधांचे कारखाने आहेत. ३ नोव्हेंबर २०२३ रोजी तिथल्या एका औषध कारखान्यात स्फोट होऊन आग लागली आणि ११ कामगार गेले. असे मोठे अपघात वर्तमानपत्रात येतात. पण वायूचा एक झोत लागला, दोन माणसं खोकली, पाणी पिऊन परत कामाला लागली, हे कुठेच छापून येत नाही. क्लोरीन, अमोनिया यांसारखे वायू डोळ्यानाकाला लगेच झोंबतात, माणूस पळतो, लगेच दवाखान्यात जातो. नायट्रोजनचे ऑक्साइड (नायट्रिक ॲसिडच्या कामातून निघणारा तांबूस धूर) आणि फॉस्जीन हे वेगळे. ते पाण्यात लवकर विरघळत नाहीत, म्हणून घशाला फारसं जाणवत नाही आणि थेट फुप्फुसाच्या टोकापर्यंत जातात. तिथे नुकसान हळूहळू होतं. पहिले काही तास माणूस ठणठणीत असतो. एक्सरे काढला तर स्वच्छ. त्याला घरी सोडतात. रात्री, कधी चोवीस तासांनीही, त्याची छाती पाण्याने भरते.

म्हणून अशा वायूच्या संपर्कानंतर पहिला फोटो चांगला आला म्हणून समाधान मानायचं नाही. त्याचा उपयोग पुढच्या फोटोशी ताडून बघण्यासाठी आहे. कामगाराला निदान चोवीस तास रुग्णालयात देखरेखीखाली ठेवा, काही तासांनी दुसरा फोटो काढा, ऑक्सिजन पुन्हा पुन्हा मोजा, असं स्पष्ट सांगा. या काळात त्याने जिना चढणं, सायकल मारणं, राहिलेली पाळी पूर्ण करणं यातलं काहीही करू नये. श्रमाने पाणी भरण्याचा वेग वाढतो. नायट्रोजनच्या धुराचा आणखी एक डाव असतो. बरा झालेला माणूस दोन ते सहा आठवड्यांनी पुन्हा दम लागून येतो, तेव्हा आजार बारीक श्वासनळ्यांचा असतो आणि तोवर अपघाताची आठवण कोणी काढत नाही. डॉक्टरांना ती तुम्हीच करून द्या.

डॉक्टरांना वायूचं नाव कळलं नाही तर हे सगळं सांगूनही उपयोग नाही. कंत्राटी कामगार दवाखान्यात येतो तेव्हा "केमिकल होतं" एवढंच सांगतो. त्याला माहितीच नसते. भोपाळमध्ये १९८४ च्या डिसेंबरात लोक फुप्फुसात पाणी भरून मरत होते तेव्हाही डॉक्टरांना वायू कोणता हे विचारत फिरावं लागलं होतं. त्यानंतर १९८७ मध्ये कारखाने कायद्यात बदल झाला आणि धोकादायक रसायनांची माहिती कामगाराला देणं मालकावर बंधनकारक झालं. प्रत्येक रसायनाचं माहितीपत्रक कारखान्यात असतं. आपल्या वस्तीतली जी मुलं एमआयडीसीत जातात त्यांनी आपल्या विभागातल्या रसायनांची नावं मोबाइलमध्ये लिहून घरच्यांकडे पाठवून ठेवावीत. ठेकेदार बदलला तरी नावं बदलत नाहीत.

आता सीटीकडे येते. २०२१ च्या उन्हाळ्यात सगळा महाराष्ट्र एकमेकांना "स्कोअर किती?" एवढंच विचारत होता. फुप्फुसाचे पाच खंड, प्रत्येकाला जास्तीत जास्त पाच गुण, एकूण पंचवीस. १८ आला की घरात रडारड, ६ आला की निश्चिंत. राज्य सरकारला सप्टेंबर २०२० मध्ये या तपासणीचे दर बांधून द्यावे लागले होते, मशीनच्या क्षमतेप्रमाणे २०००, २५०० आणि ३००० रुपये. मे २०२१ मध्ये एम्सचे तेव्हाचे संचालक डॉ. रणदीप गुलेरिया यांनी सांगितलं की एका सीटीत तीनशे-चारशे एक्सरेइतकं रेडिएशन असतं. क्ष-किरण तज्ज्ञांच्या संघटनेने ते खोडून काढलं, आधुनिक कमी मात्रेच्या सीटीत ते पाच-दहा एक्सरेइतकंच असतं म्हणाले. हा वाद झाला तो बरा झाला. पण लोकांना मूळ मुद्दा कोणी सांगितला नाही. स्कोअर म्हणजे त्या दिवशी किती भाग बाधित आहे त्याचं माप. तिसऱ्या दिवशी काढलेला ६ आठव्या दिवशी १६ होऊ शकतो. आणि खर्चच टाळायचा तर इटलीतल्या ब्रेशिया शहरातल्या डॉक्टरांनी त्याच साथीत साध्या एक्सरेवरून ० ते १८ असे गुण देण्याची पद्धत वापरली होती, तिच्यावरूनही धोक्यातले रुग्ण बऱ्यापैकी ओळखता आले.

साध्या न्यूमोनियात तर डॉक्टर पुढचा अंदाज बांधायला जी यादी जगभर वापरतात, २००३ साली तयार झालेली, तिच्यात फोटोला गुणच नाही. न्यूमोनिया आहे की नाही हे ठरवायला फोटो लागतो. पण माणूस किती धोक्यात आहे हे पाच गोष्टी सांगतात: तो भ्रमिष्टासारखं बोलतोय का, रक्तातलं युरिया वाढलंय का, मिनिटाला श्वास तीस किंवा जास्त आहेत का, रक्तदाब खाली गेलाय का आणि वय पासष्ट किंवा त्याहून जास्त आहे का. यातल्या श्वास मोजण्याला घड्याळाशिवाय काही लागत नाही. पूर्ण एक मिनिट मोजा, पंधरा सेकंदांचे चौपट करू नका. पाच वर्षांखालच्या मुलात, एक वर्षानंतर ४० आणि दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० म्हणजे जोराचा श्वास. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरबद्दल एक सांगायला हवं. अमेरिकेत २०२० मध्ये आढळलं की काळ्या रुग्णांमध्ये हे यंत्र ऑक्सिजन खरा असतो त्यापेक्षा जास्त दाखवण्याची चूक गोऱ्यांपेक्षा जवळजवळ तिप्पट वेळा करतं. आपल्या सावळ्या-काळ्या बोटांवर ९४ दिसत असेल आणि माणूस धापा टाकत असेल, तर धापेवर विश्वास ठेवा.

फोटो काढायला सांगण्यामागे कधी कधी पैसाही असतो, हे लपवून काय उपयोग? याबाबतीतही महाडचंच नाव घ्यावं लागतं. २०१३ मध्ये डॉ. बावस्करांनी एका रुग्णाला तपासणीसाठी पाठवलं, तर त्या केंद्राकडून त्यांच्या नावे १२०० रुपयांचा चेक आला. त्यांनी तो खिशात घातला नाही, मेडिकल कौन्सिलकडे तक्रार केली. डॉक्टरांनी असं कमिशन घेऊ नये हे २००२ च्या आचारसंहितेत स्पष्ट लिहिलेलं आहे. म्हणून सीटी सांगितली तर नम्रपणे विचारा, "डॉक्टरसाहेब, हिच्यातून जे दिसेल त्यामुळे उपचार बदलणार आहेत का?" प्रामाणिक डॉक्टरला या प्रश्नाचा राग येत नाही. फुप्फुसाच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकल्याचा संशय असेल (नुकतीच बाळंतीण, मोडलेला पाय घेऊन महिनाभर अंथरुणावर असलेला माणूस, आणि अचानक दम) तर ते हो म्हणतील, आणि मग उसनवारी करूनही ती काढा. तिथे सीटी गुठळी दाखवते, शिवाय हृदयाचा उजवा कप्पा डाव्यापेक्षा मोठा दिसला तर धोका जास्त, हेही सांगते.

या सगळ्यांपेक्षा स्वस्त आणि रेडिएशन नसलेला उपाय म्हणजे छातीची सोनोग्राफी. फ्रान्सच्या डॉ. लिश्टेनस्टाइन यांनी २००८ मध्ये दाखवलं की अत्यवस्थ, दम लागलेल्या रुग्णाच्या खाटेपाशीच ती करून दहातल्या नऊ वेळा बरोबर कारण सापडतं. फुप्फुसात पाणी असेल तर पडद्यावर उभ्या रेघा दिसतात. घरी सोडताना त्या रेघा खूप शिल्लक असतील तर तो हृदयरुग्ण पुन्हा भरती होण्याची शक्यता जास्त. मग ही आपल्या ग्रामीण रुग्णालयांच्या कॅज्युअल्टीत का दिसत नाही? एक कारण गर्भलिंगनिदानाचा कायदा. महाराष्ट्राने तो १९८८ मध्ये देशात पहिल्यांदा केला, केंद्राने १९९४ मध्ये, आणि २०१२ पासून हलवता येणाऱ्या मशीनवर कडक बंधनं आली. मुली पोटात मारल्या जात होत्या म्हणून ही बंधनं आली, आणि ती सैल करा असं मी कधीच म्हणणार नाही. पण कायद्यात नोंदणीचा रस्ता आहे. कॅज्युअल्टीसाठी नोंदणी केलेलं मशीन आणि शिकलेला डॉक्टर द्या, ही मागणी ग्रामसभेत आणि रुग्ण कल्याण समितीत करता येते. विंचवाच्या, पुराच्या आणि वायूच्या गावाला ती शोभते.

राहिलं प्रत्यक्ष फोटो काढायचं. दम लागलेल्या माणसाला एक्सरे खोलीत एकटं सोडू नका, ऑक्सिजनचा सिलिंडर सोबत चालू हवा. शक्य असेल तर बसवून फोटो काढायला सांगा. आडवा काढलेला फोटो हृदय मोठं दाखवतो आणि आडवं केल्याने दमही वाढतो. फिल्मवर तारखेसोबत वेळही लिहून घ्या, दुसऱ्या फोटोशी ताडताना ती लागते. पुढे पाठवलं तर १०८ मध्ये बसताना मूळ फिल्म पिशवीत घ्या. खिडकीला धरून मोबाइलवर काढलेल्या फोटोत उजेड चमकतो आणि नेमके बारीक डागच दिसेनासे होतात.